जुना संगणक टीव्हीला जोडून कार्यक्रम रेकॉर्ड करणे खान्देशात व्यवहार्य आहे काय?

रावेरकर (धागाकर्ता)

रावेर तालुक्यात आमचे एकत्र कुटुंब आहे. गावातील घरी दरमहा रिचार्ज करावा लागणारा सेट टॉप बॉक्स आहे, तर मळ्यातील घरी दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे. केळी कापणीच्या दिवसांत घरातील निम्मी माणसे रात्री उशिरा परततात. आबांना सह्याद्री वाहिनीवरील शेतीचे कार्यक्रम व बातम्या, आईला तिच्या मालिका आणि धाकट्या भावाला क्रिकेट हे सारे संध्याकाळच्या त्याच दोन-तीन तासांत हवे असते. पुतण्याने लॅपटॉप घेतल्यापासून त्याचा जुना डेस्कटॉप पडून आहे. त्यात चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. हा संगणक टीव्हीशेजारी ठेवून त्यावर कार्यक्रम रेकॉर्ड करावेत आणि ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा त्याने ते पाहावेत, असा विचार आहे.

या विषयावर वाचन केले, तेव्हा बहुतेक लेख अमेरिकेतील किंवा युरोपातील निघाले. तेथे घरावर ॲंटेना लावून तिची वायर ट्यूनर कार्डाला (टीव्हीचा सिग्नल संगणकात घेणाऱ्या कार्डाला) जोडली की काम झाले, असे वर्णन आहे. आपल्याकडे केबल, सशुल्क डीटीएच आणि फ्री डिश असे तीन निरनिराळे मार्ग असल्यामुळे ते वर्णन येथे लागू पडेल असे वाटत नाही. दोन्ही घरांपैकी कोठे ही व्यवस्था चालू शकेल, तिला खर्च किती येईल आणि आमच्याकडील उन्हाळा व विजेचा लपंडाव लक्षात घेता ती टिकेल काय, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे. विंडोजमध्ये पूर्वी टीव्ही पाहण्याचा व रेकॉर्ड करण्याचा मीडिया सेंटर नावाचा प्रोग्राम होता, तो आता का दिसत नाही, हेही कोणी सांगावे.


तापीकाठ

आपला प्रश्न दोन भागांत विभागला तर उत्तर सोपे होते. हवेतून येणारा प्रवाह कुलूपबंद आहे की खुला आहे, एवढ्या एका गोष्टीवर पुढचे सारे ठरते. संगणकाची ताकद, कार्डाची किंमत, प्रोग्राम कोणता वापरावा हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

साधारण २००२ ते २०१२ या काळात आपल्याकडे घरोघरी येणारी केबल ॲनालॉग होती. टीव्ही ट्यूनर कार्डात केबलची वायर थेट खोचली की सगळ्या वाहिन्या संगणकावर दिसत आणि रेकॉर्डही होत. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती २००२ मध्ये काढली, पुढे व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या बऱ्याच आवृत्त्यांत ती सोय अंगभूत होती, विंडोज ८ साठी ती वेगळे पैसे मोजून घ्यावी लागे आणि २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मधून ती काढून टाकण्यात आली. याच सुमारास आपल्याकडील केबलचे डिजिटलीकरण होत होते. मुंबईसह चार महानगरांची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. जळगाव-धुळ्यासारख्या उर्वरित शहरी भागांसाठी ती ३१ डिसेंबर २०१५, तर ग्रामीण भागासाठी वाढवून ३१ मार्च २०१७ अशी ठरली. डिजिटलीकरणात कूटबद्ध प्रक्षेपण बंधनकारक झाले, म्हणजे ग्राहकाकडे बॉक्स आणि त्याचे अधिकारपत्र (वाहिन्या उलगडण्याचा परवाना) असल्याशिवाय चित्र दिसणार नाही अशी व्यवस्था आली. जुनी ट्यूनर कार्डे त्यामुळे निरुपयोगी ठरली.

युरोपात टीव्हीच्या किंवा ट्यूनर कार्डाच्या खाचेत अधिकारपत्राचा मॉड्यूल बसवून सशुल्क वाहिन्याही संगणकावर घेता येतात. अमेरिकेतही केबल कंपन्यांना असे कार्ड ग्राहकांना द्यावे लागत असे. आपल्याकडे बॉक्स एका कंपनीचा आणि सेवा दुसऱ्या कंपनीची असे चालावे यासाठी ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) २०२० मध्ये शिफारशी केल्या, पण घरगुती ग्राहकाला आपल्या संगणकात बसवता येईल असे काही बाजारात आलेले नाही. म्हणून गावातील घरच्या सशुल्क बॉक्सपुरते उत्तर नकारार्थी आहे. रेकॉर्डिंगची सोय असलेला त्याच कंपनीचा बॉक्स मिळत असेल तर तो घ्यावा. मात्र त्याने पेन ड्राइव्हवर किंवा अंतर्गत डिस्कवर साठवलेली फाइल त्याच बॉक्सवर चालते आणि वर्गणी थांबली की बहुधा तीही चालत नाही, हे लक्षात असू द्यावे.

ॲंटेनाचा मार्ग खान्देशात कधी पुरता उघडलाच नाही. दूरदर्शनने २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत डिजिटल भू-प्रक्षेपण सुरू केले त्यांत महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद होती, जळगाव, धुळे किंवा नंदुरबार नव्हते. मोजकी सामरिक ठिकाणे वगळता जुनी ॲनालॉग प्रक्षेपणेही २०२२ पर्यंत बंद झाली.

राहता राहिली फ्री डिश, आणि येथे मात्र चित्र अनुकूल आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा सध्या ९३.५ अंश पूर्वेकडील जीसॅट-१५ उपग्रहावरून चालते. तिच्यावरील बहुतेक वाहिन्या खुल्या, डीव्हीबी-एस या उपग्रह-प्रक्षेपणाच्या पद्धतीच्या आणि एमपेग-२ या संकुचित चित्राच्या स्वरूपातील आहेत. उपग्रहाचा ट्यूनर असलेले कार्ड संगणकात बसवले की तो प्रवाह जसा येतो तसा डिस्कवर उतरवता येतो.

या 'जसा येतो तसा' कडे विशेष लक्ष द्यावे. ॲनालॉग काळात संगणकाला चित्र घेऊन ते त्याच क्षणी संकुचित करावे लागे, म्हणून वेगवान प्रोसेसर किंवा कार्डावर स्वतंत्र चिप लागे. येथे संकुचित करण्याचे काम प्रक्षेपण केंद्रातच झालेले असते. संगणक फक्त लेखनिकाचे काम करतो. साध्या दर्जाची वाहिनी सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट घेते असे धरले, तर तासाला १.३५ जीबी होतात. आपल्या १ टीबीच्या डिस्कवर सातशे तासांहून अधिक मजकूर मावेल. आपल्याकडील आय-३ या कामासाठी गरजेपेक्षा मोठा आहे.


दुरुस्तीवाला_धुळे

मी धुळे आणि शिरपूर भागात छत्र्या बसवण्याचे काम करतो. तापीकाठ यांनी सांगितलेले सर्व बरोबर आहे, पण रावेरकर भाऊंनी आधी एक स्वस्त मार्ग तपासावा. फ्री डिशचे जे साधे बॉक्स बाजारात मिळतात, त्यांतील बऱ्याच बॉक्सना मागे किंवा पुढे यूएसबीची खाच असते आणि त्यात पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येते. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात आग्रा रोडवर असे बॉक्स सहज मिळतात. संगणकाच्या ट्यूनर कार्डाला जेवढे पैसे लागतात, त्याच्या काही अंशात हे काम होते. खुली वाहिनी असल्यामुळे ती फाइल पुढे संगणकावरही पाहता येते.

त्याच्या अडचणीही सांगतो. बॉक्सला एकच ट्यूनर असतो, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना दुसरी वाहिनी पाहता येईलच असे नाही. वेळ लावण्याची सोय कच्ची असते आणि वीज गेली की कित्येक बॉक्स घड्याळही विसरतात. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीनंतर फाइल तुटते आणि दुसरी सुरू होते. मालिकेला याने काही फरक पडत नाही, पण पूर्ण दिवसाच्या क्रिकेट सामन्याचे तुकडे होतात.

संगणकच करायचा असेल तर छत्रीकडे आधी पाहा. रावेर-जळगाव भागातून हा उपग्रह आग्नेय दिशेला आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंच आहे. एवढ्या उंचावर असल्यामुळे केळीची बाग किंवा शेजारचे घर सहसा आड येत नाही, मात्र कडुलिंबाचे मोठे झाड येऊ शकते. मे-जूनच्या वादळात छत्री बोटभर जरी फिरली तरी टीव्हीवर चित्र दिसत राहते आणि पहिल्याच पावसात चौकोन पडू लागतात. पाहणारा माणूस कंटाळून उठून जातो, पण रेकॉर्डिंग तसेच बिघडलेले साठत राहते. म्हणून रेकॉर्डिंगसाठीची छत्री पाहण्याच्या छत्रीपेक्षा अधिक काटेकोर लावावी लागते. पाइप भिंतीला दोन ठिकाणी पकडलेला असावा आणि एलएनबीच्या (छत्रीसमोरील सिग्नल घेणाऱ्या डबीच्या) जोडणीवर पाणी न शिरणारी टेप गुंडाळावी.

यूएसबीवर चालणारा ट्यूनर घेतलात तर त्याला स्वतंत्र अडॅप्टर आहे ना ते पाहून घ्या. एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट द्यावे लागतात आणि यूएसबीच्या ५ व्होल्टवर ते भागत नाही.


पारोळ्याची_लेक

माझे आईवडील पारोळ्याला असतात आणि त्यांच्या टीव्हीची सर्व व्यवस्था मी पुण्याहून पाहते, म्हणून विचारते: एवढा खटाटोप कशासाठी? मालिकांचे भाग त्या त्या वाहिनीच्या ॲपवर दुसऱ्या दिवशी, कित्येकदा त्याच दिवशी मिळतात. दूरदर्शनचे कार्यक्रम यूट्यूबवर असतात आणि प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्ह्ज नावाचे स्वतःचे ॲपही सुरू केले आहे. ज्या काळी कार्यक्रम हुकला तर तो कायमचा हुकत असे, त्या काळातील हे उपकरण आहे. आता स्मार्ट टीव्ही आणि ठीकठाक इंटरनेट असेल तर रेकॉर्ड करण्याचे बहुतेक कारण संपते. घरातील वृद्धांना रिमोटची चार बटणे शिकवताना जी दमछाक होते ती मला ठाऊक आहे. त्यांच्या पुढ्यात कीबोर्ड ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.


रावेरकर (धागाकर्ता)

ताई, गावातील घरी आपण म्हणता ते शक्य आहे आणि आईच्या मालिकांसाठी आम्ही तसेच करू. मळ्यात मात्र फायबर आलेले नाही आणि मोबाइलचा सिग्नल घराच्या एकाच कोपऱ्यात टिकतो. संध्याकाळी सगळे गाव मोबाइल घेऊन बसले की चित्र थांबून थांबून चालते. शिवाय आबांना हवा असतो तो कार्यक्रम यूट्यूबवर शोधून काढणे हे स्वतंत्र काम आहे, कारण शीर्षकात दिनांक असतो, पीक नसते. हळदीवरचा किंवा केळीच्या करप्यावरचा कार्यक्रम पुन्हा पाहायचा असेल तर तो आमच्याकडे नावासह साठवलेला असावा, अशी त्यांची जुनी इच्छा आहे.

तापीकाठ यांना एक विचारायचे आहे. सशुल्क बॉक्सच्या एचडीएमआयला लावायचे छोटे कॅप्चर उपकरण हजार रुपयांच्या आत मिळते. त्याने काम होणार नाही काय?


तापीकाठ

बॉक्सच्या एचडीएमआयमधून निघणारे चित्र एचडीसीपी या संरक्षणाखाली असते. समोरचे उपकरण त्याला ओळख देऊ शकले नाही की पडदा काळा राहतो. ते संरक्षण चुकवणारी साधने विकली जातात, पण त्या वाटेला जाऊ नये. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या एव्ही बाहेर-जोडणीतून चित्र घेता येते, मात्र ते ५७६ रेषांचे आणि फिकट येते.

समजा हेही चालवून घेतले. पुढची अडचण अशी की संगणकाला बॉक्सची वाहिनी बदलता येत नाही. साडेसातला एक आणि साडेआठला दुसरी वाहिनी हवी असेल, तर कोणीतरी तेथे बसून रिमोट दाबावा, नाहीतर संगणकाला इन्फ्रारेडचा दिवा जोडून बॉक्सच्या डोळ्यावर चिकटवावा. तो दिवा पडला, बॉक्स झोपेच्या स्थितीत गेला किंवा पडद्यावर रिचार्जची सूचना आली, की तासभर त्या सूचनेचेच चित्रण होते. ज्या यंत्रावर विसंबून घराबाहेर राहायचे, ते असे असून चालत नाही.


सातपुडा_पायथा

आमचे घर शहादा तालुक्यात आहे आणि फ्री डिशवर नेमकी हीच व्यवस्था आमच्याकडे चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संगणकावर लिनक्स, त्यावर टीव्हीहेडएंड हा रेकॉर्डिंगचा सर्व्हर आणि पाहण्यासाठी कोडी अशी मांडणी आहे. कोडीचे मूळ नाव एक्सबीएमसी होते, ते २०१४ मध्ये बदलले. विंडोजच ठेवायचे असेल तर नेक्स्टपीव्हीआर हा मोफत प्रोग्राम आहे. मिथटीव्ही सर्वांत जुना असून २००२ पासूनचा आहे, पण नवख्याने तेथून सुरुवात करू नये. ट्यूनर घेताना त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आधीपासून आहे काय, हे दुकानात जाण्यापूर्वी तपासावे. काही चांगल्या कार्डांचे ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन स्वतः बसवावे लागतात आणि कर्नल अद्ययावत झाला की ते पुन्हा बसवावे लागतात. अद्ययावत करणे आपोआप होऊ दिले, तर एखाद्या सकाळी कार्डच सापडत नाही.

रेकॉर्डिंगबाबत तापीकाठ यांनी सांगितले त्यात एका सुखद गोष्टीची भर घालतो. उपग्रहावरील एका ट्रान्सपॉन्डरवर (सिग्नल परत पाठवणाऱ्या संचावर) अनेक वाहिन्या एकत्र येतात आणि एक ट्यूनर तो संपूर्ण गठ्ठा घेतो. त्यामुळे एकाच ट्रान्सपॉन्डरवरील तीन वाहिन्या एका ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात. साध्या बॉक्सला हे जमत नाही आणि संगणकाचा खरा फायदा येथेच आहे. आपल्याला हव्या असलेल्या वाहिन्या कोणकोणत्या ट्रान्सपॉन्डरवर आहेत याची यादी आधी करा, कदाचित दुसऱ्या ट्यूनरची गरजच पडणार नाही.

आता त्रासाकडे वळतो. परदेशातील लेखांत जी गोष्ट गृहीत धरलेली असते ती म्हणजे कार्यक्रम-सूची. मालिकेच्या नावावर एकदा खूण केली की प्रत्येक भाग आपोआप रेकॉर्ड होतो, वेळ बदलली तरी यंत्र ती ओळखते, असे त्यांचे चित्र असते. फ्री डिशवर बहुतेक वाहिन्यांची सूची रिकामी किंवा तुटपुंजी असते. त्यामुळे आम्ही नावावरून रेकॉर्ड करण्याचा नाद सोडला आणि सरळ वारानुसार व वेळेनुसार नोंदी केल्या. कार्यक्रम ठरल्या मिनिटाला सुरू होत नाहीत, म्हणून सुरुवातीला ५ आणि शेवटी १५ मिनिटांची वाढीव मुभा ठेवतो. थेट क्रीडा प्रक्षेपणासाठी शेवटची मुभा दीड तासाची असते. डिस्क भरपूर असल्यामुळे या उधळपट्टीचे काही वाटत नाही.

दुसरा त्रास दरवर्षी १ एप्रिलच्या सुमारास येतो. फ्री डिशवरील खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि नव्या वर्षात काही वाहिन्या जातात, काही नव्या येतात, काहींची जागा बदलते. टीव्हीवर बॉक्स पुन्हा शोध घेतो आणि विषय संपतो. संगणकावर मात्र जुन्या वाहिनीला बांधलेली नोंद तशीच राहते आणि रिकामी फाइल तयार करते, किंवा भलतीच वाहिनी रेकॉर्ड होते. त्या आठवड्यात नवा शोध घेऊन सर्व नोंदी एकदा डोळ्यांखालून घालाव्या लागतात. आमच्या घरी हे काम करणारा मी एकटाच आहे. मी बाहेरगावी असलो तर ते तसेच राहते, आणि घरच्यांचा या यंत्रावरचा विश्वास नेमका अशाच वेळी उडतो. पारोळ्याच्या ताईंचा आक्षेप मला येथे मान्य आहे. कीबोर्ड मात्र कोणाच्याही पुढ्यात ठेवावा लागत नाही, कारण टीव्हीचाच रिमोट एचडीएमआयमार्गे कोडी चालवू शकतो. डेस्कटॉपवर त्यासाठी एक वेगळे अडॅप्टर लागते, नाहीतर दोन-अडीचशे रुपयांचा यूएसबी रिमोट पुरतो.

वीज अचानक गेली तर काय होते, हा प्रश्न सर्वांना पडतो. आलेला प्रवाह टीएस फाइल म्हणून जसाच्या तसा साठवावा. ही फाइल १८८ बाइटच्या सुट्या पाकिटांची बनलेली असते, त्यामुळे वीज गेली त्या क्षणापर्यंतचे सर्व काही पाहता येते. जागा वाचवण्यासाठी त्याच वेळी एमपी४ करण्याचा पर्याय निवडला, तर त्या फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते आणि मध्येच वीज गेल्यास पूर्ण फाइल उघडत नाही. जे ठेवायचे आहे ते नंतर, दुपारच्या रिकाम्या वेळी हँडब्रेकने लहान करावे.


दुरुस्तीवाला_धुळे

विजेबाबत एक जोड. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस आणि नॉर्मल असे दोन पर्याय देणारे बटण बहुधा असते. नॉर्मलवर ठेवले की पंखे आणि दिवे नीट चालतात, पण बदलाच्या त्या क्षणी संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ते यूपीएसवर ठेवा. संगणकाच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) वीज परत येताच आपोआप सुरू होण्याची सोय असते, तीही चालू करा, नाहीतर रात्री दोनला आलेली वीज काही कामाची नाही.


तापीकाठ

विजेच्या बिलाकडे अद्याप कोणी पाहिलेले नाही आणि माझ्या मते घरगुती मीडिया सेंटरचा खरा खर्च तेथे आहे.

जुना डेस्कटॉप नुसता चालू असताना साधारण ६० वॅट घेतो असे धरू. पॉवर सप्लायवर ४५० वॅट छापलेले असते ती त्याची कमाल क्षमता आहे, वापर नव्हे. ६० वॅट दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस म्हणजे ४३ युनिट. सर्व आकार मिळून युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला ४३० रुपये होतात. फ्री डिशला मासिक वर्गणी नाही म्हणून आपण तिच्याकडे वळायचे आणि ती रेकॉर्ड करण्यासाठी एखाद्या सशुल्क छत्रीच्या रिचार्जएवढी रक्कम वीज कंपनीला द्यायची, हा व्यवहार उलटा आहे. फुकट मिळालेला जुना संगणक म्हणूनच फुकट नसतो.

यातून दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे संगणकाला झोपवून ठेवणे आणि रेकॉर्डिंगच्या पाच मिनिटे आधी जागे करणे. मदरबोर्डवरील घड्याळ हे करू शकते. लिनक्समध्ये आरटीसीवेक ही आज्ञा आहे, विंडोजमध्ये वेक टायमर आहेत. दिवसाला चार तास काम आणि उरलेला वेळ ३ वॅटची झोप, असा हिशेब केला तर महिन्याला ९ युनिट लागतात. पण झोपलेल्या संगणकाची वीज गेली तर तो त्या वेळी जागा होईलच याची खात्री नसते, म्हणून दुरुस्तीवाला यांनी सांगितलेली इन्व्हर्टरची आणि बायोसची व्यवस्था हवीच. दुसरी वाट म्हणजे डेस्कटॉप विकून टाकावा आणि १० वॅटच्या आसपास चालणारा छोटा मिनी पीसी घ्यावा. तो अखंड चालू ठेवला तरी महिन्याला ७ युनिटच्या आसपासच लागतात. नव्या यंत्राची किंमत वाचलेल्या बिलातून वसूल व्हायला वेळ लागतो, परंतु झोपवण्या-उठवण्याची कटकट राहत नाही. रास्पबेरी पाय त्याहून कमी वीज घेतो, मात्र त्याच्या मेमरी कार्डावर रेकॉर्डिंग करू नये. सततच्या लेखनाने ते लवकर खराब होते. बाहेरून डिस्क जोडावी.

उष्णतेचा मुद्दा रावेरकर यांनी पहिल्याच लेखनात काढला होता. बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंश सेल्सिअस असते. भुसावळ-रावेर पट्ट्यात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश होतात. पत्र्याच्या छताखाली, बंद कपाटात, टीव्हीच्या मागे ठेवलेल्या डिस्कचे तापमान ती मर्यादा सहज गाठते. मळ्यातील घराला पत्रे असतील तर यंत्र जमिनीलगत, भिंतीपासून वीतभर दूर आणि धुळीच्या वाऱ्याच्या आड ठेवावे. डिस्क नवी घ्यायची असल्यास सीसीटीव्हीसाठी बनवलेली घ्यावी. अखंड लेखनासाठीच ती असते आणि आता तालुक्याच्या गावीही मिळते.


अमळनेरी

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण अशा चर्चेत तो प्रश्न अखेरीस येतोच. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा केवळ खऱ्याखुऱ्या अध्यापन व संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाने वा चित्रमुद्रणाने प्रक्षेपकाच्या अधिकाराचा भंग होत नाही. म्हणजे आबांसाठी शेतीचा कार्यक्रम साठवण्यात काही वावगे नाही. तो गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे किंवा यूट्यूबवर चढवणे हा खासगी वापर राहत नाही. संरक्षणाचे तांत्रिक उपाय हक्कभंगाच्या हेतूने चुकवण्याविरुद्ध २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. एचडीएमआयच्या वाटेला जाऊ नये असे तापीकाठ यांनी म्हटले, त्यास हेही कारण आहे.

मी अध्यापनाच्या क्षेत्रात असल्याने माझा अनुभव पारोळ्याच्या ताईंच्या मतापेक्षा थोडा वेगळा आहे. ॲपवर आज असलेला कार्यक्रम पुढच्या वर्षी असेलच असे नाही. अहिराणीतील किंवा खान्देशावरील जे थोडेफार कार्यक्रम प्रक्षेपित होतात, ते पुन्हा मागून मिळत नाहीत. मालिका आणि क्रिकेट यांच्यासाठी रेकॉर्डिंगची गरज संपत आली असेल, या कार्यक्रमांसाठी मात्र ती संपलेली नाही.


पारोळ्याची_लेक

अमळनेरी सर, साठवून ठेवण्याचा हेतू असेल तर माझा आक्षेप मागे घेते. पण मग एका डिस्कवर भिस्त ठेवू नये. रोजचे पाहून पुसायचे आणि जपायचे ते वेगळ्या डिस्कवर न्यायचे, ही शिस्त कोणीतरी पाळायला हवी. आपल्या घरात तो कोण, हे यंत्र आणण्यापूर्वीच ठरवावे.


रावेरकर (धागाकर्ता)

तो पुतण्या असेल, कारण शनिवार-रविवारी तो जळगावहून घरी येतो. गावातील घरचा सशुल्क बॉक्स या योजनेतून वगळला. मळ्यात सह्याद्री, डीडी किसान आणि डीडी स्पोर्ट्स एवढ्या तीनच वाहिन्यांसाठी मांडणी करायची आहे. छत्री जुनी असून तिला एकच बाहेर-जोडणी असलेला एलएनबी आहे. टीव्हीला लागलेला बॉक्स ठेवून शिवाय संगणकालाही सिग्नल द्यायचा तर वायर मध्येच दुभागून चालेल काय?


दुरुस्तीवाला_धुळे

दुभागू नका. एका वायरवर एका वेळी एकच ध्रुवण (लहरींची उभी किंवा आडवी दिशा) आणि एकच वारंवारता-पट्टा येतो, आणि कोणता यायचा हे बॉक्स किंवा ट्यूनर व्होल्टेज बदलून व संकेत पाठवून ठरवतो. दोघांनी वेगवेगळे मागितले तर एकाचे चित्र जाते, आणि ते बहुधा रेकॉर्डिंगचेच जाते, कारण तेथे पाहायला कोणी नसते. दोन बाहेर-जोडण्या असलेला ट्विन एलएनबी बसवा आणि संगणकासाठी स्वतंत्र आरजी-६ वायर ओढा. छत्री तीच चालेल, फक्त एलएनबी बदलल्यावर दिशा पुन्हा मीटर लावून जुळवून घ्या. हे काम पावसाळ्यापूर्वी करा.


सातपुडा_पायथा

आणि ट्यूनर आणण्यापूर्वी त्या तीन वाहिन्या कोणत्या ट्रान्सपॉन्डरवर आहेत ते सध्याच्या बॉक्सच्या माहिती-पडद्यावर पाहून येथे लिहा. तिन्ही एकाच ठिकाणी असल्या तर एक ट्यूनर पुरेल, दोन ठिकाणी विभागल्या असल्या तर दोन ट्यूनरचे एकच कार्ड घेणे स्वस्त पडते. डेस्कटॉपच ठेवणार असाल तर कार्ड पीसीआय-एक्स्प्रेसचे (मदरबोर्डवरील खाचेत बसणारे) घ्या. मिनी पीसीकडे वळणार असाल तर ते कार्ड त्यात बसणार नाही आणि यूएसबीचाच ट्यूनर लागेल, म्हणून संगणकाचा निर्णय आधी करा.